दारात रांगोळी दिसली नाही तर

॥ श्री सद्गुरवे नमः ॥

 

या गुरुवारपासून आपल्या वाचनात गीतेचा तेरावा अध्याय सुरू झाला. भगवंतांनी तिथे शरीराला क्षेत्र म्हटलं आहे, म्हणजे शेत. शेत म्हटलं की राखण आली. पेरणी काय, एका दिवसाची असते. पण उभ्या पिकात रात्री-अपरात्री कोण शिरलं, आपलं जनावर कोणतं आणि परकं कोणतं, हे ओळखायचं काम राखणदाराचं, आणि ते रोजचं. म्हणून या वेळच्या निरूपणाला आम्ही शरीरातल्या एका राखणदाराचाच विषय घेतला आहे. लेखनसेवेतल्या आम्हा दोघीजणी बी.एस्सी. झालेल्या, आणि एकीची लेक सध्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आहे, तिच्याकडून सगळं नीट तपासून घेतलं आहे. विषय थोडा अवघड आहे. स्वयंपाक आटोपल्यावर निवांत वाचावा, आणि ज्यांना मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत अशा आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावा.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींचा एक प्रकार आहे, त्याला नॅचरल किलर पेशी म्हणतात. मराठीत नैसर्गिक मारक पेशी. नाव ऐकूनच धडकी भरते! रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के या असतात. इतर शिपायांना शत्रू आधी दाखवावा लागतो, मग त्यांची फौज उभी राहते, त्यात काही दिवस जातात. या मारक पेशींना तशी वाट बघावी लागत नाही. विषाणू शिरलेली किंवा कर्करोगाच्या वाटेला लागलेली पेशी भेटली की तिथल्या तिथे निकाल. त्यांच्या पोटात बारीक बारीक पुड्या भरलेल्या असतात. त्यातलं एक प्रथिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, आणि त्याच्या मदतीने दुसरं आत शिरून त्या पेशीला आपलं आपणच संपायला लावतं.

१९७५ साली स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत रॉल्फ कीसलिंग, एवा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी उंदरांमध्ये या पेशी दाखवून दिल्या. त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनाही त्या सापडल्या. खरं तर त्याच्या आधीपासून प्रयोगशाळांमध्ये दिसत होतं की ज्या प्राण्याची कर्करोगाच्या पेशींशी कधी गाठही पडलेली नाही, त्याच्याही पांढऱ्या पेशी त्यांना मारतात. पण मोजमापातली गडबड समजून लोक तो आकडा बाजूला काढत. तांदूळ निवडताना खडा म्हणून फेकत होतो, तो दाणाच निघाला.

या पेशी नसल्या तर काय होतं? १९८९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका किशोरवयीन मुलीची हकिकत प्रसिद्ध झाली. तिच्या अंगात या पेशी नव्हत्या. कांजिण्यांसारखे आजार, जे बाकीच्या मुलांना आठवडा-दोन आठवडे त्रास देऊन जातात, ते तिला जिवावर बेतण्याइतके होत. तेव्हा राखणदार हवाच. त्याबद्दल वाद नाही.

आता खरा प्रश्न येतो. हातात शस्त्र, कुणाला विचारायची गरज नाही, आणि दिवसरात्र अंगभर फिरती. हा राखणदार आपल्याच निरोगी पेशींना का मारत नाही? एकेका अवयवातून जाताना हजारो पेशींना त्याचा स्पर्श होतो. डोळ्याची पेशी त्याला आपली वाटते, यकृताची आपली वाटते. कशावरून?

आपल्याला वाटेल की तो परक्याची खूण शोधत असेल. चोराच्या तोंडावर काही काळं फासलेलं असतं, ते पाहून तो ओळखत असेल. बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही असंच वाटत होतं. पण करोलिन्स्कामध्येच क्लास कार्रे नावाच्या तरुणाने १९८१ सालच्या आपल्या प्रबंधात उलटा विचार मांडला. त्याचं म्हणणं असं, की ही पेशी परकी खूण शोधत नाही. ती आपली खूण शोधते, आणि ती सापडली नाही की सावध होते.

हे समजायला आपल्या गल्लीतलंच उदाहरण घेऊ. आपल्या बायकांमध्ये सकाळी सडा-रांगोळी झाली नाही असं घर सहसा नसतं. दूध आणायला निघालेली शेजारीण काही प्रत्येक दारात थांबून विचारपूस करत नाही. रांगोळी दिसली, पुढे गेली. पण एखाद्या दारात नऊ वाजून गेले तरी उंबऱ्यापुढे काहीच नाही, की पाय थबकतात. "काय हो वहिनी, बरं आहे ना सगळं?" चोर दिसलेला नसतो, आरडाओरडा ऐकू आलेला नसतो. रोज असणारं काहीतरी आज नाही, एवढंच.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दारात अशी रांगोळी असते. तिचं शास्त्रीय नाव एमएचसी, आणि माणसात तिला एचएलए म्हणतात. ही पेशीने आपल्या आवरणावर लावलेली प्रथिनं आहेत. आत जे काही चाललं आहे त्याचे बारीक तुकडे त्यांच्यावर ठेवून पेशी ते बाहेर दाखवते, म्हणजे घरात काय शिजतंय ते दारातच कळावं. ही नक्षी अर्धी आईकडून आलेली, अर्धी वडिलांकडून. म्हणूनच बोन मॅरो जुळवताना डॉक्टर आधी सख्ख्या भावंडांना बोलावतात, आणि सख्ख्या भावंडातही ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एकच असते.

ही रांगोळी ताजी ठेवावी लागते. जुनी प्रथिनं जातात, नवी मांडावी लागतात. विषाणू आत शिरला की पुष्कळदा पहिलं काम करतो ते ही रांगोळी पुसण्याचं, कारण दुसरे शिपाई, टी पेशी, त्या रांगोळीवरचे तुकडे वाचूनच विषाणूला पकडतात. रांगोळीच नाही तर ते काय वाचणार? पण चोराने एका पहारेकऱ्यापासून वाचायला दिवा विझवावा आणि नेमका त्या अंधारामुळेच दुसऱ्या पहारेकऱ्याच्या नजरेत यावं, तसं होतं. मारक पेशीला पुसलेला उंबराच खटकतो.

१९८६ साली कार्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवलं. उंदराच्या एकाच कर्करोगापासून निघालेल्या दोन पेशी-जाती, एकीवर स्वतःची खूण शाबूत, दुसरीवर जवळजवळ गेलेली. उंदरांना दोन्ही टोचल्या. खूण असलेली वाढत गेली, खूण नसलेलीला शरीराने हाकललं. आणि ते काम मारक पेशींचं होतं.

याच विचाराने एक जुनं कोडंही सुटलं. ते आम्हाला फार आवडलं म्हणून सांगतो. १९७१ साली कुडकोविच आणि बेनेट यांनी उंदरांच्या मज्जेबद्दल विचित्र गोष्ट नोंदली होती. दोन वेगळ्या जातींच्या उंदरांचं पिल्लू घ्या. त्याच्यात आईच्या सगळ्या खुणा आहेत आणि वडिलांच्याही आहेत. आता आईची मज्जा त्या पिल्लाला दिली तर त्यात त्याला अनोळखी असं काहीच नाही. जुन्या नियमाने त्याने ती आनंदाने घ्यायला हवी. पण पिल्लू आईचीच मज्जा नाकारायचं! का? कारण आईच्या पेशीत परकं काही नसलं तरी वडिलांची अर्धी नक्षी नाही. पिल्लाच्या राखणदाराला ती रांगोळी अर्धवट दिसते.

रांगोळी बघायला मारक पेशीजवळ स्वतःचे स्पर्शाचे हात असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. १९९२ साली वेन योकोयामा यांच्या गटाने उंदरात असा एक हात शोधला, जो खुणेला लागला की मारक पेशी थांबते. माणसात त्या कामासाठी वेगळं कुटुंब आहे, केआयआर नावाचं. आणखी एक हात आहे तो तर अगदी आपल्या स्वयंपाकघरातला वाटतो. एचएलए-ई नावाची एक खूण असते. ती स्वतःच्या अंगावर इतर एचएलए प्रथिनं घडताना निघालेला त्यांचा छोटासा तुकडा ठेवते. तो तुकडा दिसला, म्हणजे आत बाकीच्या खुणा घडताहेत. सगळं पातेलं उपसून बघायला नको, शितावरून भाताची परीक्षा.

आणि थांबणं कसं होतं तेही बघण्यासारखं आहे. खुणेला हात लागला की मारक पेशी झोपी जात नाही, आंधळी होत नाही. जिथे स्पर्श झाला तेवढ्याच जागी आतला जाळ कमी होतो. गॅसच्या दोन बर्नरपैकी एक बारीक करावा आणि दुसरा तसाच मोठा राहावा, तसं. म्हणून तीच पेशी एका निरोगी शेजारणीला नमस्कार करून पुढे जाते आणि पुढच्याच घडीला दुसऱ्या आजारी पेशीचं काम तमाम करते. राग एका ठिकाणचा दुसरीकडे नेत नाही. आमच्यापैकी किती जणींना हे साधलंय? सकाळी दूधवाल्यावर चिडायचं आणि दुपारी सुनेला बोलायचं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे खूण नाही तो मेलाच. तसं नाही, आणि हा भाग सर्वांनी सावकाश वाचावा अशी विनंती आहे. आपल्या तांबड्या रक्तपेशींना केंद्रकच नसतं, त्यांच्या अंगावर ही रांगोळी नसल्यातच जमा असते. कोट्यवधी पेशी, सगळ्या बिनरांगोळीच्या, आणि मारक पेशी त्यांच्याच सोबत रक्तातून वाहत असतात. तरी त्यांना धक्का लावत नाहीत. कारण राखणदार दोन गोष्टी बघतो. दारात आपली खूण आहे का, ही एक. आतून काही गलबला ऐकू येतोय का, ही दुसरी. पेशी संकटात असली, विषाणूने किंवा कर्करोगाने ग्रासली, की तिच्या आवरणावर काही वेगळी प्रथिनं उगवतात, ती त्या संकटाची हाक असते. मारक पेशीचा एनकेजी२डी नावाचा हात ती हाक ऐकतो. खूण नाही पण आत सगळं शांत, तर पुढे चला. खूण आहे पण आत फार मोठा आकांत, तर कधी कधी खूण असूनही कारवाई होते. दोन्ही पारडी तोलून मग निर्णय. एका पारड्यावर फासावर चढवत नाहीत.

आता हे सगळं आम्ही का लिहितोय ते सांगतो. मागच्या महिन्यात आपल्या परिवाराच्या गटावर जी चर्चा झाली ती सर्वांनी वाचली आहे. सहा घरं अशी आहेत की तिथून तीन महिने झाले, 'जय गुरुदेव' आलेलं नाही. पारायणाला नाव नाही, गुरुपौर्णिमेच्या भंडाऱ्याला कुणी नाही. काही ज्येष्ठांचं मत पडलं की ही नावं गटातून काढून टाकावीत. त्यांचं म्हणणं अगदीच वावगं आहे असं आम्ही म्हणणार नाही. गटावर आपण घरगुती गोष्टी बोलतो, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं ऑपरेशन. ऐकणारे आपलेच आहेत ना याची काळजी वाटणं साहजिक आहे. राखण हवीच, हे आम्ही वरती लिहिलंच आहे.

पण 'जय गुरुदेव' लिहिलं नाही ही एका पारड्यातली गोष्ट झाली. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते कुणी बघितलं? एका घराची हकिकत आम्हाला माहीत आहे. तिथल्या आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, मुलगा बाहेरगावी, सून एकटी रात्रंदिवस करते. तिच्या हातात फोन येतो तो औषधवाल्याला लावायला. तिने रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवलं नाही म्हणून तिचं नाव काढायचं? रांगोळी नाही असं दिसल्यावर आपल्या गल्लीत काय करायची रीत आहे? दार ठोठावायची. पोलिसात वर्दी द्यायची नव्हे.

पेशींचा दृष्टांत आम्ही दिला खरा, पण तो ताणू नये. पेशी मरते तेव्हा बाकीचं शरीर जगावं म्हणून मरते, आणि तिच्या जागी नवी येते. माणसाच्या जागी माणूस येत नाही. ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात दुष्टांचासुद्धा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावा असं मागितलं आहे. ही सहा घरं तर दुष्टही नाहीत, नुसती गप्प आहेत.

उलट बाजूही सांगायला हवी. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आहे, तो फार बिलंदर. तो खरी रांगोळी पुसतो आणि मारक पेशीला संशय येऊ नये म्हणून उंबऱ्यावर खोटी काढून ठेवतो, आपल्याच खुणेसारखं दिसणारं स्वतःचं प्रथिन. म्हणजे रांगोळी आहे म्हणून घर आपलंच असंही नाही. आपल्याला याचा अनुभव आहेच. महाराजांचं छायाचित्र लावून, दोन्ही हात जोडल्याची खूण टाकून पैशासाठी क्यूआर कोड पाठवणारे निरोप मध्यंतरी तीन गटांत फिरले. 'जय गुरुदेव' त्यात सर्वात आधी लिहिलेलं होतं. असा निरोप आला तर पैसे पाठवू नयेत, आधी आपल्या केंद्रातल्या सेवेकऱ्यांना फोन करावा.

आता या राखणदाराच्या शिक्षणाकडे वळू. या पत्रातला हा भाग आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

मारक पेशीचे थांबवणारे हात, म्हणजे केआयआर, एकोणिसाव्या गुणसूत्रावरून येतात. खूण, म्हणजे एचएलए, सहाव्या गुणसूत्रावरून. दोघांचा वारसा वेगवेगळा. शिवाय प्रत्येक मारक पेशीला सगळे हात मिळतात असंही नाही, कुणाला हा, कुणाला तो. त्यामुळे प्रत्येकाच्या अंगात अशा काही मारक पेशी असतातच ज्यांच्याजवळ आपल्या घरची खूण ओळखणारा एकही हात नाही. लगाम नाही आणि शस्त्र आहे! अशा पेशीने तर शरीरात हाहाकार माजवायला हवा.

होतं उलटंच. २००५ साली अमेरिकेत योकोयामांच्याच गटाने आणि डेव्हिड राउले यांच्या गटाने स्वतंत्रपणे दाखवलं, की आपली खूण कधीच न ओळखलेली पेशी दुबळी, मंद राहते. शत्रू समोर आला तरी तिचं शस्त्र नीट उचललं जात नाही. जिला आपल्या माणसापुढे थांबता येतं, तीच परक्यापुढे पूर्ण ताकदीने उभी राहते. योकोयामांच्या गटाने याला लायसन्स मिळणं असं नाव दिलं. मुद्दाम असे उंदीर तयार केले होते ज्यांच्या कुठल्याच पेशीवर नेहमीची रांगोळी नाही. वाटलं होतं, त्यांच्या मारक पेशी सगळं अंग पोखरून टाकतील. तसं काही झालं नाही. त्या उंदरांत मारक पेशी होत्या, पण कुणालाच लायसन्स मिळालेलं नव्हतं.

आपल्याकडे अनुग्रह झालेल्या माणसाला आधी काय सांगतात? जिभेला आवर घाला, अन्नाला नावं ठेवू नका, मोठ्यांपुढे आवाज चढवू नका. तरुण मुलांना वाटतं, हे सगळं दबवणं आहे, यात तेज कुठे आहे. आमच्या मुलांनीही हे म्हणून झालं आहे. त्यांना ही पेशीची गोष्ट जरूर सांगा. आवर घालायला शिकली म्हणून ती पेशी दुबळी झाली नाही. तिची ताकद त्या आवरण्यातूनच आली.

आणि हे लायसन्स एकदा मिळालं की जन्मभर पुरतं असं नाही, हे आणखी पुढचं. २०१० साली प्रयोग झाले. चांगल्या तयार झालेल्या मारक पेशी काढून खुणा नसलेल्या उंदरांत सोडल्या, तर त्या काही दिवसांत मंदावल्या. आणि खुणा नसलेल्या उंदरातल्या मंद पेशी खुणा असलेल्या घरात आणून सोडल्या, तर त्यांना धार आली. म्हणजे रोजचा स्पर्श लागतो. तीस वर्षांपूर्वी अनुग्रह घेतला, आता काय करायचं आहे, असं म्हणणारे आपल्यात आहेत. आणि कालपरवा आलेला, कुणाच्या खिजगणतीतही नसलेला एखादा मुलगा रोजच्या सहवासाने बघता बघता तयार होतो, तोही आपण पाहिलेला आहे. सहा घरांचा विचार करताना हे दुसरं उदाहरणही डोळ्यांपुढे असावं. त्यांना दूर ठेवलं तर ती मंदावतील, जवळ आणलं तर धार परत येईल.

शेवटचा विषय बायकांचा, पण पुरुषांनीही वाचावा.

पोटातलं बाळ अर्धं आईचं, अर्धं वडिलांचं. म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबाने अर्धं परकं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात जेवढ्या पांढऱ्या पेशी असतात त्यांतल्या साधारण ७० टक्के याच मारक पेशींच्या जातीच्या असतात. एवढ्या शस्त्रधाऱ्यांच्या गराड्यात ते अर्धं परकं बाळ नऊ महिने काढतं! गर्भाशयातल्या या पेशी रक्तातल्या मारक पेशींहून वेगळ्या वळणाच्या असतात. त्या मारायला येतच नाहीत. वारेकडून येणाऱ्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतात तेव्हा या पेशी त्या वाहिन्या रुंद व्हायला मदत करतात, म्हणजे बाळाला रक्त भरपूर मिळावं. राखणदारच पाट काढून शेताला पाणी देतो.

वारेच्या त्या पेशीही समजूतदार असतात. ज्या खुणांवरून भांडण पेटायचं त्या, एचएलए-ए आणि बी, त्या अंगावर ठेवतच नाहीत. पण सगळीच ओळख लपवत नाहीत. एचएलए-सी ठेवतात, आणि त्यात वडिलांकडची नक्षीही असते. केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांच्या गटाने २००४ साली दाखवलं की आईच्या मारक पेशींना त्या नक्षीकडून नुसतं थांबाच ऐकू येत असेल, तर काही जोड्यांमध्ये गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या त्या गंभीर आजाराचा धोका जास्त असतो. परक्याकडे पाठ फिरवून गप्प बसणं पुरत नाही. त्याची दखल घ्यावी लागते, त्याच्यासाठी काहीतरी करावं लागतं, तेव्हा वाहिनी रुंद होते.

दोन शब्द सावधगिरीचे. हे वाचून कुणीही गरोदर मुलीच्या मारक पेशींची रक्ततपासणी करून घ्यायला धावू नये. रक्तातल्या आणि गर्भाशयातल्या पेशी वेगळ्या, हे वर सांगितलंच. काय तपासायचं ते आपल्या डॉक्टरांना ठरवू द्यावं. तसंच, अमुक मंत्राने मारक पेशी दुप्पट होतात, असे निरोप सध्या फिरत आहेत. आम्ही असं काही म्हणत नाही, कुणी आपल्या परिवाराच्या नावाने म्हणत असेल तर ते खरं मानू नये. नामस्मरण मनाला धीर देतं, त्याचं मोल आम्हाला माहीत आहे. औषधं, केमोथेरपी, तपासण्या, यातलं काहीही नामासाठी थांबवायचं नाही. महाराजांचे स्वतःचे डॉक्टर आहेत आणि ते वेळेवर गोळ्या घेतात, हे इंदूरच्या सर्वांनी पाहिलेलं आहे.

आता त्या सहा घरांपैकी दुसऱ्या एका घराबद्दल. नाव लिहीत नाही, पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्या घरात मागच्या वर्षी सून आली, ती दुसऱ्या समाजातली. मुलगी हौशी, आरतीचे शब्द हिंदीत लिहून घेऊन पाठ करत होती. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपल्यातल्याच कुणीतरी, तिला ऐकू जाईल असं, बोललं. तेव्हापासून त्या घरातून कुणी येत नाही. सासूबाई तीस वर्षं पोथीला बसणाऱ्या, त्याही येत नाहीत. गटात आम्ही वाचलं की या घराला आता श्रद्धा राहिलेली नाही. त्या घराची श्रद्धा तपासण्याआधी त्या दिवशी त्या खोलीत आपण जेवढ्या जणी होतो, त्यांतली एकही का बोलली नाही, हा प्रश्न आम्हाला जास्त मोठा वाटतो. ज्या पोटाने अर्ध्या परक्याला नऊ महिने जागा दिली, त्याच बायका आपण. ती मुलगी तर पूर्ण आपल्या घरात आलेली आहे.

रविवारी सायंकाळी पाच वाजता गटाविषयीची बैठक आहे. तिथे आम्ही नावं काढू नयेत असंच सांगणार आहोत. तोपर्यंत सहाही घरी कुणी ना कुणी जाऊन यावं असं ठरलं आहे. आजींच्या घरी शनिवारी दुपारी दोघीजणी जातील आणि चार तास बसतील, म्हणजे त्या सुनेला झोपता येईल. जाताना घरचा वरण-भात न्यावा, प्रसाद म्हणून गोड नको, आजींना साखर आहे. मधल्या तीन घरांची जबाबदारी काकांनी घेतली आहे, ते फोन न करता प्रत्यक्ष जाणार आहेत. पाचवं घर गावाबाहेर राहायला गेलं आहे, त्यांचा नवा पत्ता कुणाकडे असेल तर कळवावा. हळदीकुंकवाच्या दिवशी घडलं त्या घरी आम्ही लेखनसेवेतल्या तिघीही शुक्रवारी अकरा वाजता जाणार आहोत. त्या दिवशी खोलीत असलेल्या आणखी कुणाला यायचं असेल तर साडेदहापर्यंत मंदिराच्या पायऱ्यांपाशी यावं, रिक्षा सांगून ठेवली आहे.

जय गुरुदेव.